बेगमी भरपूर, पण रेग्युलेटर काढता येतो का?

कोकणात मृग लागायच्या आधी आगोटची धावपळ सुरू होते. सुकट, सोडे, कुळीथ, आमसुलं, टांगलेले कांदे, पडवीत रचलेली लाकडं. घाटावर वर्षाचं धान्य उन्हं देऊन, कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची रीत. त्यामुळे ‘संकटाची तयारी’ म्हटलं की आपला हात आधी धान्याच्या डब्याकडे जातो. बेगमी वाईट नाही, पण घरावर खरोखर ओढवणारे प्रसंग बहुधा दहा मिनिटांचे असतात. गॅसचा वास येतो, कढईतलं तेल पेटतं, कुणी वायरला चिकटतं, रात्री अंथरुणात काहीतरी चावतं. त्या दहा मिनिटांत जे ठाऊक असावं लागतं ते घरात एकेकाकडे वाटलेलं असतं. सिलिंडर आई लावते, मेन स्विच बाबांना माहीत, औषधांचा डबा सुनेच्या ताब्यात, विम्याची फाइल आजोबांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. ज्याला माहीत आहे तो नेमका बाजारात गेलेला असतो, आणि उरलेले ऐकीव गोष्टींवर चालतात. त्यातल्या काही ऐकीव गोष्टी तपासून पाहू.

‘वास येतोय? आधी पंखा लाव!’

हा सल्ला इतका सहज दिला जातो की तो चूक असेल असं वाटतच नाही. घरगुती गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. त्याला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र रसायन मुद्दाम मिसळतात. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो धुरासारखा वर जात नाही. ओट्याखाली, फरशीवर, मोरीच्या जाळीपाशी पाण्यासारखा पसरतो. छताजवळचा एक्झॉस्ट फॅन त्याच्यावर फारसा उपयोगी नाही, उलट त्याचं बटण दाबताना उडणारी बारीकशी ठिणगी पुरेशी होते. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. द्रवरूपातला एक लिटर गॅस बाहेर आला की सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. म्हणजे भरलेल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधला जेमतेम थोडा भाग छोट्या स्वयंपाकघराला पुरतो.

म्हणून क्रम असा: पेटती ज्योत असेल तर ती बंद, देवघरातली समईसुद्धा. रेग्युलेटरचं बटण बंद, मग रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी. दारं-खिडक्या उघडायच्या, त्यातही जमिनीपर्यंत उघडणारं दार महत्त्वाचं. दिव्याची बटणं चालू असतील तर चालू, बंद असतील तर बंद, हात लावायचा नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि फोन बाहेरून लावायचा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

ती टोपी दोरीने सिलिंडरलाच बांधलेली येते. बहुतेक घरांत सिलिंडर आल्या दिवशीच दोरी कापून टोपी कुठेतरी जाते. गळती शोधायला काडी ओढून बघणारे महाभागही अजून आहेत. साबणाचा फेस लावा, गळती असेल तिथे बुडबुडे येतात.

आणखी एक. सिलिंडरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर ‘बी-२७’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ती गॅसची मुदत आहे असं लोक समजतात. गॅस शिळा होत नाही. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची वेळ आहे: ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढे वर्ष. तारीख उलटलेली टाकी दारातूनच परत करायची. नारिंगी नळीला मात्र खरोखरच वय असतं, साधारण पाच वर्षं, आणि ते नळीवर छापलेलं असतं. तिच्यावर शिवून घेतलेलं कापडी कव्हर दिसायला सुबक असतं, पण भेग पडली तरी झाकून ठेवतं.

‘वास नाही, म्हणजे धोका नाही’

गॅस गळाला तर वास येतो. पण तो बंद जागेत नीट न जळता जळत राहिला तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही, नाकाला झोंबणंही नाही. न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर, थंडी म्हणून घट्ट लावलेली खिडकी, लांबलेली आंघोळ. माणसाला गरगरतं, डोकं दुखतं, आणि कडी काढण्याइतकी ताकद उरत नाही. गॅस गिझरचं यंत्र न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेतच हवं. हाच हिशोब बाळंतिणीच्या खोलीतल्या कोळशाच्या शेगडीला लागू. शेक द्यायचा तो द्या, पण दार लावून, फटीत कापड कोंबून रात्रभर शेगडी धुमसत ठेवायची नाही. वीज गेल्यावर बंद गॅलरीत चालवलेल्या जनरेटरचंही तेच.

भाजल्यावर काय लावायचं?

पाणी. नळाचं, वाहतं, गार, वीस मिनिटं. घड्याळ लावून बघा, वीस मिनिटं फार मोठी वाटतात. दोन मिनिटांत आपला धीर सुटतो आणि टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, बटाट्याचा कीस यांची मिरवणूक सुरू होते. वरचा चटका थांबला तरी कातडीच्या आत उष्णता उतरत राहते, ती ओढून घेण्याचं काम वाहतं पाणी करतं. पेस्ट आणि तूप तिच्यावर झाकण घालतात, आणि दवाखान्यात ते सगळं खरवडून काढावं लागतं. बर्फही नको, त्याने आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते. सूज येण्याआधी बांगड्या आणि अंगठ्या काढायच्या, चिकटलेलं कापड ओढायचं नाही, वरून स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळायचं. लहान मूल असेल तर भाजलेल्या जागेवरच पाणी, बाकीचं अंग कोरडं आणि उबदार.

तेल पेटलं तर उलटा नियम. तिथे पाणी अजिबात नाही. पाणी तेलाच्या तळाशी जातं, क्षणात वाफ होतं, आणि पाण्याची वाफ मूळच्या सतराशेपट जागा मागते. ती पेटतं तेल घेऊनच वर येते. गॅस बंद, कढईवर झाकण किंवा परात, आणि कढई न हलवता थंड होईपर्यंत तशीच. झाकण काढून ‘विझलं का’ बघायचा मोह आवरायचा.

‘आमच्याकडे एमसीबी आहे, शॉक लागत नाही’

एमसीबी वायरिंगचं रक्षण करतो. भार वाढला किंवा तारा भिडल्या की तो पडतो, घर जळत नाही. माणसाशी त्याला देणंघेणं नाही. आकडेच बघा. घरातला एमसीबी ६, १६ किंवा ३२ अँपिअरचा असतो. माणसाचं हृदय बिघडवायला मिलिअँपिअरमध्ये मोजावा इतका प्रवाह पुरतो, आणि १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. तुमच्यातून जीवघेणा प्रवाह वाहत असताना एमसीबी शांत उभा असतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. काही इलेक्ट्रिशियन त्याला सवयीने ईएलसीबी म्हणतात. तो ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत फरक पडला की तो तत्काळ तुटतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. पडला पाहिजे. नाही पडला तर तो भिंतीवरची शोभा आहे.

कुणी वायरला चिकटलं असेल तर ओढायला धावू नका, आधी मेन स्विच. पावसाळ्यात लोखंडी तारेवर कपडे वाळत घालताना हे प्रसंग घडतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत. त्यासाठी १०८. पोलिस, आग, रुग्णवाहिका यांतलं काहीही हवं असेल तर ११२.

साप आणि मांत्रिक

इथे गैरसमज टिकून का आहे हे आधी समजून घ्यायला हवं. आपल्याकडे आढळणारे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष टोचतोच असं नाही. त्यामुळे ज्याच्याकडे रुग्ण नेला त्याचे पुष्कळ रुग्ण वाचतात. मंत्राचा, मोहऱ्याचा, देवळातल्या अंगाऱ्याचा लौकिक या वाचलेल्यांवर उभा आहे. मेलेले तक्रार करायला येत नाहीत.

जिवाला धोका प्रामुख्याने चौघांचा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्याकडची सर्पविषप्रतिबंधक लस या चारही विषांवर एकत्र चालते. म्हणून साप मारून, डब्यात भरून डॉक्टरांना दाखवायला नेण्यात वेळ घालवू नये. त्या खटाटोपात दुसराही चावून घेतो. आवळपट्टी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. मोडलेल्या हाडाला आधार देतो तसा तो हात-पाय स्थिर ठेवायचा, अंगठी-पैंजण काढायचे, माणसाला चालवायचं नाही, आणि थेट सरकारी दवाखाना. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, पहाटे पोट दुखू लागतं, पापण्या जड होतात, आणि घरचे ओवा देत बसतात. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डासांइतकीच मण्यारीलाही अडवते.

फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवण्याविषयी फार लिहायला नको. झटका आपला आपण थांबतो आणि श्रेय चपलेला जातं. तोंडात चमचा घालू नका, दात तुटतात. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर १०८.

‘इथपर्यंत पाणी कधी आलेलं नाही’

सांगलीत २००५ च्या महापुराच्या खुणा लोकांनी भिंतींवर जपल्या होत्या. त्या खुणेच्या वर सामान ठेवलं की झालं, असा हिशोब होता. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि त्या खुणा पाण्याखाली गेल्या. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तोही कुणाच्या आठवणीत बसणारा नव्हता. आजोबांची आठवण ही माहिती म्हणून मोलाची, हमी म्हणून नाही. पूररेषेत घर असेल तर निघायची पातळी आधी ठरवायची, आणि पाणी उंबऱ्याला लागण्याची वाट बघायची नाही.

२०१९ च्या पुराने आणखी एक धडा दिला. कोल्हापुरात चहूकडे पाणी होतं आणि नळ कोरडे होते, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. महामार्ग बंद, ट्रक अडकलेले. वीज नाही म्हणून आरओ यंत्र हे फडताळ झालेलं. अशा वेळी तुरटी आठवते. तुरटी गाळ खाली बसवते, पाणी नितळ दिसतं, जंतू जिवंत राहतात. नितळ पाणी खळखळून उकळायचं, उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट. इंधन नसेल तर क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबायचं. विहिरीत टीसीएल पावडर टाकण्याचं काम ग्रामपंचायतीच्या माणसाकडून करून घ्या, अंदाजाने पोतं रितं करू नका. पिण्यापुरतं माणशी रोज तीन-चार लिटर धरून तीन दिवसांचं पाणी झाकून ठेवलेलं असलं, तर धान्याच्या पोत्यापेक्षा ते आधी उपयोगी पडतं.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमधल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाइलचे मनोरे बंद, त्यामुळे फोनमधले पैसे फोनमध्येच. दहा, वीस, पन्नासच्या नोटांची एक पुरचुंडी घरात हवी. पाचशेची नोट घेऊन मेणबत्ती मागायला गेलं की दुकानदार सुट्टे मागतो. मेणबत्तीपेक्षा विजेरी बरी, आग लावत नाही. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये आहेत म्हणून मूळ खरेदीखत पलंगाखालच्या पेटीत ठेवायचं असं नाही. डिजिलॉकरमध्ये शिरायलाही फोनला चार्जिंग लागतं, आणि फोन नंबर तोंडपाठ असलेला माणूस आता दुर्मीळ झालाय. भिंतीवर चार क्रमांक पेनाने लिहून ठेवा.

हे सगळं लिहायला घेतल्यावर एका रविवारी घरात प्रयोग केला. मुलाला म्हटलं, रेग्युलेटर काढून दाखव. त्याने तो ओढला, पिळला, मग माझ्याकडे बघितलं. खालची काळी कडी वर उचलायची असते हे त्याच्या आईने दोन सेकंदांत दाखवलं. मग ती मला म्हणाली, आता तुम्ही मेन स्विच न विचारता दाखवा. मी आत्मविश्वासाने जिन्याखाली गेलो. तिथे चार मीटर होते, आणि आमचा कोणता ते ठाऊक नव्हतं. त्यावर आता लाल रंगाने आडनाव लिहिलंय. टोपीचा शोध मात्र संध्याकाळपर्यंत चालला. शेवटी ती धाकटीच्या खेळण्यांच्या डब्यात सापडली, एका तीनचाकी ट्रकचं चौथं चाक म्हणून. ट्रक सध्या तीन चाकांवर आहे.