चुन्यांत बांधलेला नत्र

हवेंत सुमारें ७८ टक्के नत्र आहे; पण पिकांस तो जसाच्या तसा घेतां येत नाहीं. तो क्षारांत बांधण्याच्या ज्या युक्त्या निघाल्या, त्यांत कॅल्शियम सायनामाइडची हकीकत विलक्षण आहे. जर्मनींतील आडोल्फ फ्रांक व निकोडेम कारो हे १८९५ च्या सुमारास सोनें काढण्यास लागणाऱ्या सायनाइडच्या शोधांत होते. हातीं लागलें तें खत! चुनकळी व कोक विजेच्या भट्टींत सुमारें २००० अंशांवर तापवून कार्बाइड करावयाचें, आणि त्याच्या पुडीवरून सुमारें १००० अंशांवर शुद्ध नत्र सोडावयाचा, कीं हा क्षार तयार होतो. उरल्या कोळशामुळें तो काळसर दिसतो. शुद्ध क्षारांत ३५ टक्के, तर बाजारी मालांत सुमारें २० टक्के नत्र असतो.

आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें तें हें कीं, जमिनींत पडतांच हा क्षार खत नसतो. ओलीनें त्यांतून प्रथम सायनामाइड सुटतें, आणि तें तणांस तसेंच कोवळ्या रोपांसही विषारी असतें. पुढें त्याचा युरिया, युरियाचा अमोनिया व अखेर नायट्रेट होतो. म्हणून तो पेरणीपूर्वीं दोन-तीन आठवडे ओल्या जमिनींत मिसळतात. त्यांतील चुना कोंकणच्या आम्ल तांबड्या जमिनीस मानवेल. देशावरील चुनखडीच्या काळ्या जमिनीस त्याची गरज नाहीं.

विजेचा खर्च भारी, त्यामुळें हेबर-बॉश रीतीच्या स्वस्त अमोनियापुढें हें खत मागें पडलें. मात्र त्याच क्षारापासून निघणारें हायड्रोजन सायनामाइड आपल्या दाराशीं आलें आहे. नाशिक-सांगलीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावे म्हणून काडीस जी पेस्ट लावतात, ती ह्याचीच. येथें पिकापेक्षां माणसास अधिक जपावयाचें आहे. हें द्रव्य कातडींतून अंगांत शिरतें व दारू पचविण्याची यकृताची क्रिया अर्ध्यावर अडवितें. मग थोडी दारू पोटांत गेली तरी तोंड लालभडक होतें, छाती धडधडते, दम लागतो, रक्तदाब उतरतो. दिवसभर पेस्ट लावून सायंकाळीं गुत्त्यावर गेलेला गडी असा कोसळला, तर दोष दारूच्या भेसळीवर जातो आणि खरें कारण झांकलेलें राहतें. बागाइतदारांनीं गड्यांस रबरी हातमोजे द्यावे, आणि कामाच्या आदल्या दिवसापासून पुढें आठवडाभर दारू शिवूं नये असें स्पष्ट बजावावें. त्रास झालाच तर डॉक्टरांकडे जातांना पेस्टच्या डब्यावरील कागद बरोबर न्यावा.