तेंदूपत्ता आणि टेंभुर्णीची पाने

समजा, दरेकसाच्या (जि. गोंदिया) शाळेतल्या एका मुलीने संगणकावर ‘टेंभुर्णीची पाने तोडणी’ असे लिहून शोध घेतला आणि हाती काहीच लागले नाही. अशी माहितीच नाही, असे समजून ती उठून जाईल. साठ्यात मात्र ‘यंदा तेंदूपत्ता तोडणी लवकर’ हे वाक्य असलेला लेख आहे. झाड एकच, पाने तीच. मग अडले कुठे?

शोधयंत्र लेख वाचत नाही, सूची पाहते. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच ही सूची. पण तीत प्रत्येक शब्द वाक्यात कितवा आहे तेही नोंदलेले असते. यंदा १, तेंदूपत्ता २, तोडणी ३, लवकर ४. लागोपाठचे आकडे म्हणजे लागोपाठचे शब्द.

‘पळस’ला ‘ढाक’ हा प्रतिशब्द जोडायचा तर सोपे आहे: दोघांना एकच आकडा द्यायचा. पण ‘तेंदूपत्ता’च्या जागी दोन शब्द येतात. ‘टेंभुर्णीची’ला २ दिला, तर ‘पाने’ला ३ द्यावा लागतो, आणि तिथे ‘तोडणी’ आधीच बसलेली! आता ‘टेंभुर्णीची पाने तोडणी’ सापडत नाही, कारण ‘तोडणी’ चौथी हवी होती. उलट, कुणी न लिहिलेली ‘टेंभुर्णीची तोडणी’ मात्र सापडते. पान तोडणे आणि झाड तोडणे यांतला फरक जंगलाकाठच्या मुलांना सांगायला नको.

यावरचा उपाय रेल्वेने समजतो. आमगाव, सालेकसा, दरेकसा ही ओळीने येणारी स्थानके. शब्द म्हणजे गाडी. ‘तेंदूपत्ता’ आमगावहून थेट दरेकसाला जाते. ‘टेंभुर्णीची’ सालेकसापर्यंतच, पुढे ‘पाने’ नेते. ‘तोडणी’ दोन्ही वेळा दरेकसाहूनच सुटते. म्हणजे शब्द कुठे सुरू होतो एवढेच नव्हे, तर कुठे संपतो हेही सांगायला हवे. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘ल्यूसीन’ या मुक्त शोधप्रणालीत असा आलेख मांडण्याची सोय आहे.

मात्र तिच्या सूचीत शब्द कुठे संपतो याची नोंद राहत नाही. म्हणून हा आलेख लेख साठवताना नव्हे, प्रश्न आल्यावर काढणे बरे. यंत्र दोन्ही वाटा काढते, ‘तेंदूपत्ता तोडणी’ आणि ‘टेंभुर्णीची पाने तोडणी’, आणि दोन्ही शोधते. पण प्रश्नातले शब्द आधीच सुटे केले तर ‘टेंभुर्णीची पाने’ ही जोडी त्याला दिसणारच नाही. (‘टेंभुर्णीच्या पानांची’ असे लिहिले तर? प्रत्ययांचा घोळ वेगळाच!)

वर्गात जमिनीवर खडूने तीन स्थानके आखा, मुलांच्या हाती शब्दांच्या चिठ्ठ्या द्या आणि त्यांना चालवा. मग प्रतिशब्दांची यादी मुलांनाच करू द्या. ती यंत्राला आपोआप सुचत नाही. कुणीतरी ‘बिडीची पाने’ सुचवेलच. तिथे थांबा. बिड्यांसाठी काही ठिकाणी आपट्याचीही पाने वापरतात. त्यामुळे ‘बिडीची पाने’ शोधणाऱ्याला तेंदूपत्ता दाखवावा, पण तेंदूपत्ता शोधणाऱ्याला ‘बिडीची पाने’ असलेला प्रत्येक लेख दाखवू नये.