टाक्याचा धूर

महाल आणि इतवारी या नागपूरच्या जुन्या पेठांतील सराफी पेढीचे दोन भाग असतात. पहिला ग्राहकाला दिसतो: पांढरीशुभ्र गादी, काचेची कपाटे, तराजू आणि दिव्यांचा लखलखाट. दुसरा बहुधा माडीवर किंवा मागच्या बोळात असतो. तिथे खिडकी असली तरी ती लावून घेतलेली असते, कारण वाऱ्याने ज्योत हलते आणि सोन्याचा कीस उडतो. त्या खोलीत कारागीर मांडी घालून, मान खाली घालून, दागिन्यापासून वीतभर अंतरावर चेहरा ठेवून टाका लावत बसलेले असतात. त्यांपैकी बरेच जण बंगालमधून आलेले असतात आणि पुष्कळदा काम, जेवण व झोप एकाच खोलीत उरकतात. त्यांतला एखादा रात्री खोकू लागला की थंडी बाधली असे मानले जाते. एखाद्याची कंबर दुखू लागली, तर दिवसभर बसून काम करतो, दुखणारच, असे त्याचा शेजारी सांगतो.

ही दोन दुखणी एकाच धातूची असू शकतात, हे वैद्यकशास्त्राला गेल्या पाऊण शतकापासून ठाऊक आहे. तो धातू सराफ्यात ‘केडीएम’ या नावाने वावरला. हे नाव ‘कॅडमियम’ या शब्दाचाच बाजारी अपभ्रंश होय.

कॅडमियम सराफ्यात आले ते कोणाच्या वाईट हेतूने नव्हे, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. दोन तुकडे जोडायचे तर टाक्याचा धातू त्याआधीच वितळला पाहिजे, नाहीतर दागिनाच वितळेल. जुन्या पद्धतीत टाक्यासाठी साधारण साठ भाग सोने आणि चाळीस भाग तांबे घेत. त्यामुळे ज्या दागिन्याला टाके अधिक, त्याचा कस कमी. बावीस कॅरेटचा म्हणून घेतलेला दागिना मोडीत काढून आटवला की सोने कमी भरे आणि ग्राहकाच्या मनात सराफाविषयी संशय उभा राही. कॅडमियमने हा पेच सोडवला. ९२ भाग सोन्यात ८ भाग कॅडमियम मिसळले की टाका सहज वितळतो आणि त्याचा कसही बावीस कॅरेटच्या आसपास, म्हणजे शेकडा ९१.६ च्या जवळ राहतो. ग्राहकाला पूर्ण कसाचे सोने मिळू लागले. ‘केडीएम दागिना’ ही शुद्धतेची ग्वाही ठरली आणि दुकानांच्या पाट्यांवर ती अभिमानाने झळकू लागली.

मात्र कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. फुंकणीच्या ज्योतीखाली त्याची वाफ होते, ती हवेत मिसळताच तिचा ऑक्साइड बनतो आणि अतिसूक्ष्म कणांचा धूर कारागिराच्या श्वासात जातो. नाकाला बांधलेला रुमाल त्या कणांना अडवत नाही. वासानेही तो ओळखू येत नाही. मोठ्या प्रमाणात हा धूर शरीरात गेला तरी माणूस लगेच आजारी पडत नाही. काही तासांनी, बहुधा काम आटोपून घरी गेल्यावर, अंग मोडून येते, थंडी वाजते, छाती भरते. त्याला फ्लू समजले जाते. क्वचित फुफ्फुसांत पाणी होऊन मृत्यूही ओढवतो. पण हा झाला अपघाताचा प्रकार. पेढीवर चालणारा व्यवहार याहून संथ असतो.

तो संथ व्यवहार प्रथम व्यवस्थित मांडला स्वीडनमधील लार्स फ्रिबर्ग या वैद्याने. निकेल-कॅडमियम बॅटऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्यातील कामगार त्यांनी तपासले आणि १९५० साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. दीर्घकाळ काम केलेल्यांत त्यांना दोन गोष्टी एकत्र आढळल्या. फुफ्फुसांतील वायुकोश फुगून निकामी झालेले होते, ज्याला वैद्यकात एम्फिसीमा म्हणतात. आणि लघवीतून प्रथिने जात होती. लघवीतील ही प्रथिने मूत्रपिंडाच्या नेहमीच्या विकारातील प्रथिनांसारखी नव्हती. ती आकाराने लहान होती. ही बाब वरवर क्षुल्लक वाटली, तरी निदानाचे सारे मर्म तीतच आहे.

श्वासातून आलेल्या कॅडमियमचा मोठा अंश शरीर शोषून घेते. अन्नातून आलेल्याचा त्या मानाने अगदी थोडा, शेकडा पाचच्या आसपास. रक्तातून ते यकृतात जाते, तिथे एका विशिष्ट प्रथिनाशी बांधले जाते आणि अखेर मूत्रपिंडात येऊन साठते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका रक्तातून गाळून आलेल्या उपयुक्त वस्तू परत घेतात. त्या कामात कॅडमियमही त्या उचलून घेतात आणि मग सोडत नाहीत. शिरलेल्या मात्रेची निम्मी मात्रा बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. व्यापारी भाषेत सांगायचे तर हे असे खाते आहे की त्यात रोज थोडे जमा होते आणि खर्ची जवळजवळ काहीच पडत नाही. नलिका दुबळ्या झाल्या की लहान प्रथिने, कॅल्शियम, अमिनो आम्ले वाया जाऊ लागतात. काहींना मुतखडा होतो. पुढे मूत्रपिंडाची गाळण्याची शक्तीच घटते.

आता नेहमीच्या तपासणीची गोष्ट. दवाखान्यात लघवीत पट्टी बुडवून जी प्रथिने पाहतात, ती मुख्यतः अल्ब्युमिन हे मोठे प्रथिन असते. कॅडमियमच्या सुरुवातीच्या इजेत गळणारी लहान प्रथिने त्या पट्टीवर उमटतीलच असे नाही. रक्तातील क्रिएटिनिन तर मूत्रपिंडाची निम्मी शक्ती जाईपर्यंत सामान्य मर्यादेत राहू शकते. म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून कारागीर पुन्हा त्याच खोलीत, त्याच ज्योतीपुढे बसतो. बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन किंवा रेटिनॉल बंधक प्रथिन यांची लघवीतील तपासणी आणि लघवी व रक्तातील कॅडमियमचे मोजमाप मुद्दाम सांगून करून घ्यावे लागते. अमेरिकेत कॅडमियमशी संबंध येणाऱ्या कामगारांसाठी अशा तपासण्या १९९२ च्या नियमानेच बंधनकारक झाल्या.

फ्रिबर्ग यांच्यानंतर पुरावे वाढत गेले. फुफ्फुसांना होणारी इजा धूम्रपानाची की कॅडमियमची, हा वाद बराच काळ चालला. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधील तांबे-कॅडमियम मिश्रधातूच्या कारखान्यातील १०१ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय, धूम्रपान वगैरे बाबतींत त्यांच्याशी जुळणाऱ्या इतर कामगारांशी तुलना करूनही कॅडमियमच्या धुरातील कामगारांत एम्फिसीमाची चिन्हे अधिक आढळली. (तंबाखूचे पानही जमिनीतून कॅडमियम ओढून घेते. त्यामुळे टाका लावता लावता विडी ओढणारा कारागीर तोच धातू दोन वाटांनी घेत असतो.)

आणि सराफ्याच्या अगदी जवळचे उदाहरण २००२ साली वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले. दागिने बनवण्याच्या उद्योगात सुमारे तीन वर्षे काम केलेली अठ्ठावीस वर्षांची एक स्त्री डाव्या कुशीत दुखते आणि लघवीला फार होते म्हणून डॉक्टरांकडे आली. तपासात रक्तातील कॅडमियम वाढलेले आणि लघवीतील बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिनही वाढलेले निघाले. सुमारे सहा महिन्यांनी धाप, छातीतील वेदना आणि चिंता यांमुळे तिने नोकरी सोडली. अवघी तीन वर्षे, आणि वय अठ्ठावीस. पेढीवरच्या कारागिरांचे वय आणि त्यांनी ज्योतीपुढे घालवलेली वर्षे मनात आणली की या एका रुग्णाची नोंद किती बोलकी आहे हे कळते.

भारतातील पुरावा मिळायला २०१३ साल उजाडले. सुभब्रत मोइत्रा, पॉल ब्लांक आणि सुभाशिस साहू यांनी देशातील लहान दागिना-कारखान्यांतील कामगारांचा अभ्यास ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात मांडला. कारागिरांच्या लघवीतील कॅडमियम तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांपेक्षा कितीतरी अधिक होते, त्यांना श्वसनाच्या तक्रारी अधिक होत्या आणि त्यांची फुफ्फुसांची क्षमता कमी भरली. यात मोठ्या धुराड्यांचा कारखाना नव्हता. होती ती लहान खोली, ज्योत आणि मांडी घालून बसलेला माणूस. महाल-इतवारीच्या माडीवर असते तसेच सारे.

नागपूर अशा संशोधनाला अपरिचित नाही. दमा आणि जुनाट श्वासनलिकादाह यांच्या प्रमाणाचा शोध घेणाऱ्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इनसर्च’ या देशव्यापी पाहणीत नागपूर हे एक केंद्र होते. २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा १,६९,५७५ व्यक्तींची माहिती त्यात होती आणि पस्तिशीपुढील लोकांत जुनाट श्वासनलिकादाहाचे प्रमाण शेकडा ३.४९ निघाले. त्याच वर्षी मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराच्या भारतीय नोंदवहीचा अहवाल आला. ५२,२७३ रुग्णांपैकी शेकडा ३१ जणांच्या विकाराचे कारण मधुमेह होता. पण शेकडा १६ जणांच्या बाबतीत कारणच निश्चित करता आले नाही. साधारण सहा रुग्णांमागे एक. त्या सहाव्या रुग्णांपैकी कितींना त्यांचा धंदा विचारला गेला असेल?

हा प्रश्न नवा नाही. इटलीतील बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला जे प्रश्न विचारण्याची वैद्यांची परंपरा होती, त्यांत ‘तू काम काय करतोस?’ या एका प्रश्नाची भर घालण्यास सांगितले. मेयोच्या किंवा मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागात एका डॉक्टरपुढे रांग लागलेली असते. तो प्रश्न तिथे राहून जाणे समजण्यासारखे आहे. म्हणूनच कारागिरासोबत पेढीवरचे कोणी जाणत्याने जावे आणि ‘हे सराफ्यात टाक्याचे काम करतात, इतक्या वर्षांपासून’ एवढे न विचारताच सांगून केसपेपरवर लिहवून घ्यावे. कारागीर स्वतः ते सांगेलच असे नाही. काम जाईल ही भीती त्याला असते, आणि ती अगदीच निराधार असते असेही म्हणता येत नाही.

श्रावकाचारात पंधरा कर्मादानांमध्ये अंगारकर्माची, म्हणजे विस्तवावर चालणाऱ्या व्यवसायाची गणना आहे, हे सराफी करणाऱ्या घरांना सांगायला नको. बहुतेक घरांनी त्यातून व्यवहार्य वाट काढली: ज्योत कारागिराकडे आणि तराजू आपल्याकडे. धूर मात्र या वाटणीनंतरही तेवढाच राहिला, तो फक्त माडीवर गेला.

भारतीय मानक ब्युरोच्या हॉलमार्कच्या व्यवस्थेत कॅडमियमच्या टाक्याला स्थान नाही, आणि १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला. कॅडमियमऐवजी जस्त, इंडियम यांसारखे धातू घातलेले टाके बाजारात मिळतात आणि त्यांतही कस राखता येतो. तरीही दुरुस्तीचे काम, जुन्या दागिन्यांची मोड आणि चांदीचे तोरड्या-पैंजण या तीन वाटा उघड्या आहेत. दुरुस्तीला आलेल्या जुन्या दागिन्याचा टाका केडीएमचा असेल तर तो पुन्हा तापवताना कॅडमियम पुन्हा सुटते, आटणीतही तेच. चांदीच्या टाक्यातही कॅडमियम असू शकते, आणि चांदीचा माल गिऱ्हाइकाच्या नजरेत स्वस्त असल्याने तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. टाका विकत आणणाऱ्याने ‘कॅडमियमविरहित’ हे बिलावर लिहून मागणे, एवढी गोष्ट मालकाच्या हातची आहे. ज्योतीच्या अगदी जवळून धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवणे हीदेखील. छताचा पंखा तो धूर खोलीभर फिरवण्याखेरीज काही करत नाही. कामाच्या जागी डबा उघडू नये आणि जेवणाआधी हात धुवावेत, हे तर घरातल्या लहान मुलालाही शिकवले जाते.

कॅडमियम शरीराबाहेर काढणारे खात्रीचे औषध दीर्घकालीन विषबाधेसाठी उपलब्ध नाही. उपाय एकच: त्या धुरापासून दूर होणे. त्यातही केव्हा दूर झाले, याला महत्त्व आहे. बेल्जियममध्ये सर्वसाधारण वस्तीतील १,६९९ लोकांची तपासणी करून १९९० साली असे दाखवण्यात आले की कारखान्यात कधी पाऊल न टाकलेल्यांतही थोड्याशा कॅडमियमने मूत्रपिंडाच्या नलिकांवर परिणाम दिसतो. त्यांतील अनेकांना पाच वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा संपर्क कमी झालेल्यांत तो परिणाम वाढलेला नव्हता. ज्यांच्या मूत्रपिंडात मात्र बरेच कॅडमियम साठून गेले आहे, अशा कामगारांत काम सोडल्यावरही इजा पुढे सरकत राहते, असे इतर पाहण्यांत आढळले आहे. केडीएमच्या काळात पंधरा-वीस वर्षे टाका लावून जे कारागीर आता गावी परतले किंवा पेढीवरच मोत्ये ओवण्याच्या, झिलई करण्याच्या हलक्या कामाला लागले, त्यांच्या लघवीची ती खास तपासणी आजही करून घेता येते.