पुळणीवरची मोजणी

मेलेला समुद्रपक्षी ओळखायचा तर आधी त्याचे पाय बघायचे. गटात नवीन येणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगते. कावळ्यांनी डोळे नेलेले असतात, खेकड्यांनी पोट पोखरलेले असते, उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने पिसांचा रंग विटलेला असतो. पाय मात्र बरेच दिवस टिकतात. पुढच्या तीन बोटांत पडदा आणि मागे एक छोटे सुटे बोट असेल तर कुरव किंवा सुरय. चारही बोटे एकाच पडद्याने जोडलेली असतील तर पाणकावळा किंवा बूबी. मागचे बोट जवळपास नाहीच आणि चोचीवर नळीसारखी नाकपुडी असेल, तर तो पेट्रेल-शिअरवॉटरच्या कुळातला. म्हणजे आयुष्य खोल समुद्रावर काढणारा आणि जमिनीवर फक्त विणीपुरता उतरणारा पक्षी. असा पक्षी आपल्या पुळणीवर पडलेला दिसला की थांबून नीट बघावे लागते.

सिंधुदुर्गात शिरोड्यापासून उत्तरेला निवतीपर्यंतच्या किनाऱ्याचे आम्ही तुकडे पाडले आहेत. एकेक तुकडा एकेका माणसाकडे, नाहीतर जोडीकडे. त्यांनी महिन्यातून एकदा ठरलेल्या खुणेपासून ठरलेल्या खुणेपर्यंत चालायचे, सापडलेला प्रत्येक मेलेला पक्षी मोजायचा आणि शंभर मीटरच्या एका पट्ट्यातला कचरा नोंदवायचा. यात पक्षितज्ज्ञ कोणी नाही. निवृत्त गुरुजी आहेत, खानावळ चालवणाऱ्या काकी आहेत, कॉलेजातली मुले आहेत, रापणीला जाणारे एक आजोबा आहेत. सगळ्यांच्या नोंदी जुळवणे, फोटो तपासणे आणि या माणसांना चालते ठेवणे हे माझे काम. यातले शेवटचे सगळ्यात अवघड.

पद्धत आम्ही घेतली ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ज्युलिया पॅरिश यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ‘कोस्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. उत्तर कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत साधी माणसे दर महिन्याला आपापल्या किनाऱ्यावर चालतात आणि वाहून आलेले पक्षी मोजतात. पायांपासून सुरू होणारी ओळखही त्यांचीच. २०१५-१६ च्या हिवाळ्यात त्या किनाऱ्यावर ‘कॉमन मर’ जातीचे पक्षी ढिगांनी येऊन पडू लागले. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत सुमारे ६२,००० मेलेले किंवा मरायला टेकलेले पक्षी सापडले. प्रत्यक्षात मेलेले दहा लाखांच्या घरात असावेत, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडला. समुद्र प्रमाणाबाहेर तापला, त्यांच्या खाण्यातली मासळी घटली आणि पक्षी उपासमारीने गेले. यात माझ्या दृष्टीने कळीची गोष्ट अशी की हा आकडा ‘प्रमाणाबाहेर’ आहे हे ठामपणे म्हणता आले, कारण त्याआधी कितीतरी वर्षे माणसे त्याच किनाऱ्यांवर चालत होती आणि नेहमीच्या हिवाळ्यात किती पक्षी येतात हे लिहून ठेवत होती.

आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. तेल सांडले, कंटेनर समुद्रात पडले, तवंग रायगडच्या किनाऱ्याला लागला. अशा वेळी पहिला प्रश्न विचारला जातो, पक्षी किती मेले? त्याचे उत्तर द्यायचे तर त्याआधीच्या ऑगस्टांत काहीही घडले नसताना किती मेलेले आले होते, हे माहीत असावे लागते. मोजायला अपघातानंतर सुरुवात करून ते कधीच कळत नाही.

फेरीचा दिवस ठरवताना आम्ही भरती-ओहोटीचे ॲप बघतो आणि तिथीही बघतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे इथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे सकाळी आठनंतर निघाले की ओसरत्या पाण्याबरोबर चालता येते. अष्टमीचा आणखी एक फायदा आहे. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या उधाणाने टाकलेली केरकचऱ्याची रेघ वर, सुरूच्या मुळांपाशी गेलेली असते. नंतर भांगाचे दिवस येतात, पाणी तिथवर पोचत नाही आणि त्याची ताजी रेघ खाली उमटते. एकाच फेरीत दोन्ही रेघा वाचता येतात. जाताना वरची, येताना खालची.

जुलैच्या एका सकाळी मी गुरुजींबरोबर मोचेमाडला होते. पाऊस थांबला होता, वारा नव्हता थांबला. खालच्या रेघेत सुरूची सुकी फळे, थर्माकोलचा चुरा आणि शेवाळ यांच्यात एक काळपट गोळा पडला होता. चिमणीहून थोडा मोठा. गुरुजींनी हातमोजे चढवले आणि काडीने आधी पंख उलगडला. पूर्ण काळा-तपकिरी. शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. चोच आखूड, वर नळी. पाय अंगाच्या मानाने लांबलचक आणि काळे. मग त्यांनी दोन बोटांनी पंजा हलकेच ताणला, तर बोटांमधला पडदा पिवळा निघाला. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल. जिवंतपणी याचे वजन जेमतेम चाळीस ग्रॅम. वीण अंटार्क्टिका आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर. तिथला हिवाळा टाळून तो विषुववृत्त ओलांडतो आणि आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रावर असतो. गुरुजींनी पट्टी लावून चोचीची, पायाच्या नळीची आणि पंखाची लांबी मोजली, पाटीवर तारीख आणि तुकड्याचा क्रमांक लिहिला, पाठ, पोट आणि पाय असे तीन फोटो काढले. शेवटी पंखाला लाल सुती दोरा बांधून पक्षी वरच्या बाजूला, होता त्याच रेषेत ठेवून दिला.

दोरा अशासाठी की पुढच्या वेळी तोच पक्षी पुन्हा मोजला जाऊ नये. शिवाय दोरा बांधलेला पक्षी किती दिवस टिकतो, हेही कळते. कुत्री, घारी आणि खेकडे कितीतरी पक्षी आम्ही पोचायच्या आत नेतात. आम्हाला सापडतो तो त्यातला उरलेला हिस्सा. तो केवढा, याचा अंदाज या दोऱ्यावरून बांधता येतो. अमेरिकेत यासाठी रंगीत प्लॅस्टिकचे टाय वापरतात. आम्ही सुती दोऱ्यावर ठाम राहिलो. पक्षी घरी नेता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही, आणि बर्ड फ्लूच्या भीतीमुळे उघड्या हाताने शिवायचाही नाही.

रापणीवरचे आजोबा गटात येण्याआधी लांबून हे सगळे बघायचे. एकदा जवळ येऊन म्हणाले, “गो बाय, मेलेल्या पाखराचे पाय कशाक मोजतंस?” मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मग कुठल्या वाऱ्याला कुठल्या पुळणीवर काय येऊन लागते, ते तपशीलवार सांगितले. आमच्या फेऱ्यांचे तुकडे त्यांच्या सांगण्यावरून दोन ठिकाणी बदलले आहेत. वारा आणि प्रवाह या बाबतीत इतकी बारीक माहिती मला कोणत्याही नकाशात मिळालेली नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये माणसे उत्साहात असतात. नैर्ऋत्येचा वारा असतो, रोज काहीतरी येत असते. खरी कसोटी लागते फेब्रुवारी-मार्चमध्ये. पुळण रुंद आणि स्वच्छ, समुद्र तळ्यासारखा, आणि फेरीभर एकही पक्षी नाही. माणूस घरी जातो आणि नोंद पाठवतच नाही. विचारले की म्हणतो, “काहीच नव्हतं हो, काय पाठवू?” हे ‘काहीच नव्हतं’ मला हवे असते. पक्षी सापडले नाहीत आणि कोणी गेलेच नाही, या दोन गोष्टी वहीत सारख्या दिसल्या तर सगळी वहीच निरुपयोगी ठरते. म्हणून शून्य लिहायचे, वेळ लिहायची, वाऱ्याची दिशा लिहायची आणि सही करायची. संध्याकाळी फोन करून मी शून्यांची चौकशी करते. खानावळवाल्या काकींची गेल्या उन्हाळ्यातली पाने जवळजवळ सगळी शून्यांची आहेत. त्यांच्याइतकी भरवशाची पाने माझ्याकडे दुसरी नाहीत.

उलट बाजूचा धोका वादळात असतो. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. वादळे लक्षद्वीपकडून वर सरकतात तेव्हा तिथल्या बेटांवरचे आणि भर समुद्रातले पक्षी पुढे ढकलत आणतात. काजळी सुरय, नॉडी, बूबी असे पक्षी मग थकून किनाऱ्याला लागतात. लक्षद्वीपमधल्या पक्षी पिट्टीवर काजळी सुरयांची मोठी वीण होते, तर इथल्या वेंगुर्ला रॉक्सवर लगामी सुरय घरटी करतात. दोघांतला फरक कपाळावर दिसतो. काजळीचे पांढरे कपाळ डोळ्यापाशी संपते, लगामीचे भुवईसारखे डोळ्याच्या मागे जाते. वादळानंतर व्हॉट्सॲपवर फोटोंची रांग लागते आणि प्रत्येकाला धावत जायचे असते. जावे, पण ती फेरी वेगळ्या पानावर. बातमी आली म्हणून केलेली फेरी महिन्याच्या फेरीत मिसळली की पक्षी आहेत त्याहून जास्त भासतात, कारण रिकाम्या पुळणीची बातमी कोणी देत नाही.

जिवंत सापडलेल्या पक्ष्याला मात्र नोंदवहीची वाट बघायला लावायची नाही. लोक दयेपोटी त्याला उचलून पुन्हा लाटांत सोडतात. थकलेला पक्षी तिथे बुडतो. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवायचे, तोंडात पाणी ओतायचे नाही आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवायचे.

कचऱ्याच्या मोजणीला लोक सुरुवातीला कमी लेखतात. बाटल्या मोजून काय मिळणार? पण आम्ही फक्त बाटल्या मोजत नाही. अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक वस्तू कशाची, कुठल्या रंगाची, कडक की लवचीक, चावल्याच्या खुणा आहेत का, आणि तिच्यात डोके अडकू शकेल असे वेटोळे आहे का, हे लिहितो. पक्ष्याला किंवा कासवाला इजा होते ती वस्तूच्या या गुणांमुळे. वायंगणीच्या पट्ट्यात एकदा मनगटाएवढ्या जाडीच्या दोरखंडाला गुरफटलेले हिरवे नायलॉन जाळे आले. दोरावर गूज बार्नाकल दाटीने चिकटलेले होते, पांढरे शिंपले आणि त्यांचे गुलाबी-तपकिरी देठ. काही अजून उघडझाप करत होते. हे जीव तरंगत्या वस्तूवर बसतात आणि तिथेच वाढतात, त्यामुळे त्यांच्या आकारावरून ती वस्तू किती आठवडे समुद्रात होती याचा अंदाज येतो. त्याच पट्ट्यातल्या गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे कोरे करकरीत होते. ते बाजूच्या ओहोळातून आले होते. एकाच रेघेतला कचरा दोन दिशांनी येतो, आणि तो थांबवायचा तर बोलायची माणसेही वेगळी. जाळ्याबद्दल मच्छीमार सोसायटीशी, पुडीबद्दल ग्रामपंचायतीशी.

मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडाले आणि प्लॅस्टिकचे पांढरे दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले. तेव्हापासून आम्ही चाळणी बरोबर ठेवतो. मसुराएवढा दाणा नुसत्या डोळ्यांना वाळूत दिसत नाही.

स्वच्छता मोहिमांशी आमचे काही काळ खटके उडाले. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, किनारा स्वच्छता दिनाला, शेकडो मुले येतात आणि तासाभरात सगळे उचलून नेतात. त्यांचा हुरूप मोलाचा आहे. पण आमच्या शंभर मीटरची त्या महिन्याची ओळ त्याबरोबर जाते. आता आमचे ठरले आहे. आदल्या दिवशी आम्ही पट्टा मोजतो, दुसऱ्या दिवशी मुले उचलतात, आणि उचलतानाच्या पोत्यांचे वजनही आमच्याकडे येते. बसून बोलल्यावर हे सुटले. लेखी पत्रे पाठवून सुटले नव्हते.

सध्या कोंडुऱ्याच्या उत्तरेचा तुकडा रिकामा आहे. खडकाळ भाग आहे, पावसाळ्यात भरतीच्या वेळी वाट बंद होते, म्हणून तिथे गावातलाच माणूस हवा. पक्ष्यांची माहिती असण्याची गरज नाही, ती आम्ही एका पावसाळ्यात शिकवतो. पुस्तिका, पट्टी, चाळणी, हातमोजे आणि दोऱ्याचे रीळ आमच्याकडून मिळेल. दोघांनी मिळून घेतला तर उत्तम, म्हणजे एकाच्या घरी लग्न निघाले तरी फेरी चुकणार नाही. अष्टमीच्या सकाळी दोन तास मोकळे असावेत, आणि मार्चमध्येही चालायची तयारी असावी.