‘मोफत’ पदवीचा हिशेब

अमेरिकेतल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल’ची जाहिरात ‘शिकवणी शुल्क नाही’ अशी असते. ते खरं आहे, पण अर्धं. शाय रेशेफ यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या या पूर्णतः ऑनलाइन विद्यापीठात वर्गाचे पैसे नसतात, मूल्यमापनाचे असतात, आणि तेही प्रत्येक विषयाला वेगळे. २०१४ च्या सुमारास हा दर विषयाला १०० डॉलर होता. पदवीला ४० विषय, म्हणजे ४,००० डॉलर झाले की! त्यानंतर दर वाढलेत. ज्यांना तेही झेपत नाहीत, त्यांच्यासाठी विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज मात्र वेळेत हवा.

अमेरिकन सरकारचं अर्थसाहाय्य त्यांच्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसारख्या ठरावीक गैर-नागरिकांसाठी असतं. परदेशी विद्यार्थ्याने त्याचा फॉर्म भरण्यात वेळ घालवू नये. पूर्ण ऑनलाइन पदवीवर विद्यार्थी व्हिसाही मिळत नाही. एजंट काहीही सांगो.

घरबसल्या परदेशी पदवी ही काही इंटरनेटची देणगी नव्हे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच बाहेरच्या परीक्षार्थींना दार उघडलं. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगातून कायद्याचा अभ्यास केला तो याच वाटेने.

भारतात नोकरी किंवा पुढचं शिक्षण घ्यायचं असेल, तर ऑनलाइन परदेशी पदवीला समकक्षता मिळेल का, हे पहिला डॉलर भरण्याआधी लेखी विचारून घ्या.