कालव्याकाठची सायकल

मंडळी, आम्ही चँडलरला घर घेतले त्या वर्षी आई पुण्याहून आली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी फिरून आल्यावर तिने विचारले, "अरे, सगळीकडे नुसते खडे नि निवडुंग, पाऊस नावाला नाही, मग घरामागे हा भरलेला पाट कुठून आला?" आईचे माहेर श्रीरामपूरकडचे, म्हणजे प्रवरेच्या पाटावरचे. वाहते पाणी दिसले की ते कुठून आले आणि कोणाच्या पाळीचे आहे, हे विचारल्याशिवाय तिला राहवत नाही. माझी डॉक्टरेट द्रवगतिकीतली, पोट भरतो सॉफ्टवेअरवर. तरीही तिला धड उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधायला म्हणून मी सायकल काढली, आणि तेव्हापासून ती गॅरेजमध्ये फारशी टेकलेली नाही.

घरामागचा तो पाट म्हणजे कन्सॉलिडेटेड कालवा. ज्यांच्या नावाने आपले गाव ओळखले जाते ते डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर हे मूळचे कॅनडाचे, आणि गंमत म्हणजे गुरांचे डॉक्टर. १८८७ साली ते ॲरिझोनात आले, पाण्याची किंमत त्यांनी ओळखली, आणि १८९० नंतरच्या दशकात हा कालवा वाढवून घेतला. गाव वसले ते नंतर, १९१२ साली. आधी पाणी, मग माणूस, हा क्रम इथे सगळीकडे दिसतो. पण डॉक्टरसाहेबसुद्धा पहिले नव्हेत. सॉल्ट नदीच्या या खोऱ्यात होहोकाम लोकांनी हजार-दीड हजार वर्षांपूर्वी लाकडी अवजारांनी शेकडो मैल कालवे खणले होते. साधारण १४५० च्या सुमारास ती वस्ती मोडली. एकोणिसाव्या शतकात गोरे शेतकरी आले तेव्हा त्यांनी बऱ्याच ठिकाणी त्याच जुन्या खुणांवरून नवे पाट काढले. मेसा गावात 'पार्क ऑफ द कॅनॉल्स' नावाची बाग आहे, तिथे ते जुने चर आजही दिसतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तो नुसता खड्डा वाटला. मग उताराचा अंदाज घेतला आणि मुकाट्याने टोपी काढली. मैलामागे फूट-दोन फूट उतार, आणि तोही दुर्बिणीवाचून राखलेला! आमच्या विभागात असा नेमका उतार काढायला तिघे लागायचे, त्यात एक जण चहा आणायला.

सायकलवाल्याला या उताराचा फायदा असा, की कालव्याकाठी चढ नावाची गोष्ट नसते. सॉल्ट रिव्हर प्रोजेक्टचे मुख्य कालवे मिळून १३१ मैल, म्हणजे सुमारे २१० किलोमीटर आहेत. बहुतेकांच्या दोन्ही काठांवर देखभालीच्या गाड्यांसाठी रस्ता आहे, आणि शहरांनी त्यातले बरेच तुकडे सायकलींसाठी नीट बांधून दिले आहेत.

नवख्याने सुरुवात चँडलरमधल्या पासेओ ट्रेलने करावी. गावाच्या उत्तर भागातून दक्षिणेला रिग्ज रोडपर्यंत, कन्सॉलिडेटेडच्या काठाने, साधारण दहा-अकरा किलोमीटर. वाटेत एक टेकडीवजा बाग लागते, तिथे लोक तिरंदाजी करत असतात. ती टेकडी म्हणजे गावाचा जुना, बंद केलेला कचरा डेपो आहे. त्याहून पूर्वेला व्हेटरन्स ओएसिस पार्क. तिथली तळी शोभेची नाहीत. गावाचे सांडपाणी शुद्ध करून त्यातले पाणी जमिनीत मुरवायची ती सोय आहे. पाणी आले म्हणून झाडे आली, झाडे आली म्हणून बगळे आले. गिल्बर्टचा रिपेरियन प्रिझर्व्हही याच जातीचा, आणि पक्ष्यांसाठी त्याहून सरस. उत्तरेकडे याच कालव्याच्या काठाने गिल्बर्टमधून मेसापर्यंत जाता येते. मधला वेस्टर्न कालवा धरला तर टेंपी गाठता येते. दर मैलाला मोठा रस्ता आडवा येतो, तिथे मात्र उतरून बटण दाबावे. घाई करू नये.

खरी मजा लांबच्या फेरीत आहे. चँडलरहून सुमारे चाळीस किलोमीटरवर ग्रॅनाइट रीफ बंधारा आहे, १९०८ साली पुरा झालेला. सगळ्या कालव्यांचे मूळ ते. वरच्या अंगाला १९११ सालचे रूझवेल्ट धरण पाणी साठवते, ग्रॅनाइट रीफ ते उजव्या-डाव्या कालव्यांत वळवतो, आणि त्याच्याखाली सॉल्ट नदी बहुतेक दिवस कोरडी ठणठणीत असते. आईच्या प्रश्नाचे उत्तर हेच: गावात जो पाट वाहतो आहे तीच नदी आहे. मी स्वतः खडकवासल्याच्या कालव्याकाठी वाढलो. पर्वतीच्या पायथ्यावरून स्वारगेट, एम्प्रेस गार्डन करत तो हडपसरकडे जातो. त्यामुळे पात्र एकीकडे आणि नदी दुसरीकडे, हा प्रकार मला नवा नव्हता. पण इतका उघडावाघडा मी प्रथमच पाहिला.

बंधाऱ्याच्या वर बुश हायवेने गेलात की टाँटोचे सरकारी जंगल लागते. नदीकाठी मेस्कीट झाडांची दाट राई आहे, तिला इथे स्पॅनिशमधून 'बोस्के' म्हणतात. मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. महाराष्ट्रात आपण जिला शिव्या घालतो तिच्या या बहिणीच्या गोड शेंगांचे पीठ करून इथल्या मूळच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले. तिची मुळे भूजलापर्यंत जातात. पाणी उपसून पातळी खाली गेली की राईच्या राई वाळतात. सकाळी लवकर गेलात तर पाण्यात उभे राहून शेवाळ खाणारी मोकाट घोडी दिसतील. लांबूनच पाहावीत.

आता इशाऱ्याची गोष्ट, आणि ती माझ्याच मूर्खपणाची आहे. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन सकाळी सातला निघालो, नऊपर्यंत परत यायचे ठरवून. परतताना आधी त्याचे पुढचे चाक बसले, मग माझी दोन्ही. कारण सराटा! हो, तोच आपला सराटा. वैद्य ज्याला गोखरू म्हणून औषधात घालतात तोच, पिवळ्या फुलांचा. इथे त्याला 'गोटहेड' म्हणतात, कारण काट्याला बोकडासारखी दोन शिंगे असतात. माझ्याजवळ जादा ट्यूब एकच. पुण्यात असतो तर शंभर पावलांवर पाण्याची घमेली आणि पंप घेऊन कोणीतरी बसलेला सापडला असता. इथे दोन्ही बाजूंना कापसाची शेते, आणि तीन चाके बसलेली. मी ठिगळे लावत बसलो. साडेदहा वाजले. पारा चाळिशीच्या पुढे गेला, बाटल्या रिकाम्या झाल्या.

मुलगा आधी कुरकुरत होता, ती कुरकुर थांबली. मला बरे वाटले, शहाणा झाला म्हणून! पाच मिनिटांनी पाहतो तो चेहरा लालबुंद, आणि मी काय विचारतोय त्याचे उत्तर भलतेच. मंडळी, हे लक्षात ठेवा. उन्हात माणूस तक्रार करतो तोवर ठीक असते. तो गप्प झाला किंवा असंबद्ध बोलू लागला, की घड्याळ सुरू झाले समजावे.

समोर शेताच्या दाराशी पिकअप उभा होता. एक म्हातारासा माणूस चाक फिरवून चारीत पाणी सोडत होता. पाणी सोडणाऱ्याला इथे 'झान्हेरो' म्हणतात. आमच्या आईच्या भाषेत, पाटकरी. मी हाक मारली. त्याने काही न विचारता मुलाला गाडीच्या सावलीत निजवले, बर्फाच्या पेटीतले पाणी त्याच्या मानेवर, काखेत ओतले, मग घोट घोट पाजले, आणि मला म्हणाला, "आधी ९११ फिरव, माफी नंतर माग." तपासून त्याच दिवशी घरी सोडले. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर गोष्ट वेगळी असती. बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तेही कमीच होते.

ही काही एकट्याची कहाणी नव्हे. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला लागोपाठ ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटवर, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर होता, आणि त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्म्याने ६४५ माणसे दगावली. म्हणून आमचा नियम: लांबची फेरी ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात उजाडायच्या आत निघून सातला घरी. माणशी तासाला एक लिटर पाणी, चिमूटभर मीठ. दोन जादा ट्यूब, आत सराट्यासाठी चिकट द्रव भरलेल्या. आणि कालव्यात उतरायचे नाही. काठ सिमेंटचे, उभे आणि निसरडे असतात. आत गेलेला माणूस सहजी वर येत नाही.

आणखी एक हद्द पाळावी. चँडलरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला गिला रिव्हर इंडियन कम्युनिटीची जमीन लागते. परवानगीशिवाय तिथल्या वाटांवर शिरू नये. तिथले अकिमेल ओओढम, नावाचा अर्थच 'नदीचे लोक', हे पिढीजात कालव्यांवर शेती करणारे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वरच्या अंगाला इतरांनी गिला नदी वळवली आणि यांची शेते करपली, उपासमार झाली. त्यांच्या पाण्याचा हक्क २००४ सालच्या कायद्याने मान्य झाला, सव्वाशे वर्षांनी. टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, ही तक्रार श्रीरामपुरात ऐकलेली होती. पण आपण राहतो ते गाव हेड-कडचे आहे, हे मला सायकलवरूनच कळले. २०२४ साली त्यांनी आपल्या कालव्यावर सौर पट्ट्या बसवल्या, अमेरिकेत पहिल्यांदाच. तशा गुजरातेत २०१२ पासून आहेत.

हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालवे आळीपाळीने कोरडे करतात. तळाशी गाळ, बूट, एखादी सायकलही निघते. तण खायला सोडलेले मोठाले गवत्या मासे, आपल्या तळ्यांतल्या ग्रास कार्पच्याच जातीचे, आधी जाळ्यांनी पकडून भरल्या कालव्यात हलवतात. मागच्या वेळी आई हे पाहायला पासेओवर उभी होती. कोरडा तळ पाहून तिने जवळच्या कामगाराला शुद्ध मराठीत विचारले, "पाळी कधीची आता?" त्याने हसून हात हलवला. पुढच्या खेपेला तिला तीनचाकी सायकल आणून द्यायचे नातवाने कबूल केले आहे. त्याच्या स्वतःच्या पिशवीत हल्ली चार ट्यूब असतात.