गेटवरचा निरोप

माझे अब्बा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२च्या संपाआधीची गोष्ट. बाहेरच्या माणसाला आत मज्जाव. गेटवरचा पहारेकरी निरोप आत न्यायचा आणि उत्तर घेऊन यायचा. एकदा दादी अत्यवस्थ झाली म्हणून मी धावत गेटवर गेलो. आत निरोप पोहोचला तो एवढाच : 'कुणीतरी आलंय.' अब्बांना वाटलं, उधारीवाला असेल. ते आलेच नाहीत. दादीला केईएममध्ये नेलं ते शेजाऱ्यांनी.

परवा हे सारं आठवलं, ते दादरच्या एका वाचनालयाच्या संकेतस्थळामुळे. संकेतस्थळालाही असंच गेट असतं. आपण पत्ता टाइप केला की मागणी आधी 'वेब सर्व्हर'कडे जाते. इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्यानं २००४ साली खुला केलेला 'एंजिन-एक्स' हा त्यातलाच एक. चित्रं, तयार पानं तो स्वतःच देतो. पुस्तक शोधणं, सभासदाचं खातं उघडणं ही कामं मात्र आतल्या 'ॲप्लिकेशन सर्व्हर'ची. 'प्रॉक्सी पास' या एका ओळीत त्याला सांगून ठेवायचं, की अमुक मागणी आली की याच संगणकावर, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावर, ८०८० क्रमांकाच्या दारी न्यायची. आतला सर्व्हर फक्त तिथंच ऐकत असला, की बाहेरच्याला तो थेट गाठता येत नाही. आतलं खातं बंद असेल, तर गेटवर '५०२' ही पाटी लागते. आतून वेळेत उत्तर आलं नाही, तर '५०४'. एंजिन-एक्स सांगितल्याशिवाय ६० सेकंदांपलीकडे थांबत नाही.

वाचनालयात झालं ते असं. पाच वेळा परवलीचा शब्द चुकला, की तो पत्ता तासभर बंद करायचा, असा नियम होता. एका सभासदाचा शब्द चुकला आणि सगळेच सभासद बाहेर राहिले! कारण आतल्या सर्व्हरला प्रत्येक मागणी गेटकडूनच आलेली दिसत होती. त्याच्या लेखी साऱ्यांचा पत्ता एकच, गेटचा.

उपाय साधा होता. निरोपासोबत 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या शीर्षकाखाली मूळ पाहुण्याचा पत्ता आत धाडायचा, आणि आतल्या सर्व्हरनं तो वाचायचा. पण एक पथ्य पाळायचं. ही चिठ्ठी कुणीही बाहेरून खोटी लिहून आणू शकतो. म्हणून गेटनं बाहेरची चिठ्ठी काढून घ्यायची, स्वतः पाहिलेला पत्ता लिहायचा, आणि आतल्यानं फक्त गेटच्याच हस्ताक्षरावर विश्वास ठेवायचा.

दोन ओळींची ही दुरुस्ती भाच्यानं माझ्यासमोर केली. लोक पुन्हा आत येऊ लागले. मला मात्र ते गेट दिसत राहिलं. 'तुमचा मुलगा आलाय,' एवढेच तीन शब्द त्या दिवशी आत पोहोचायला हवे होते.